उंबरठ्याबाहेरची मोकळी हवा

साथीच्या काळात ज्याला स्वतःच्या घरात वेगळे राहणे भाग पडले आहे, त्याने व्यायामासाठी घराबाहेर पडावे किंवा नाही? २०२० साली कोरोनाच्या साथीत हा प्रश्न घरोघर विचारला गेला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रात विलगीकरणाचा आदेश मिळालेल्यांच्या हातावर शाईचा शिक्का उमटविला जाई. असा शिक्का बाळगणारा माणूस रस्त्यावर दिसला की लोक त्याच्याकडे संशयाने पाहत. कोणी म्हणे, पहाटेच्या वेळी रिकाम्या रस्त्यावरून अर्धा तास चालल्याने कोणाचे काय बिघडणार? दुसरा म्हणे, एकाने उंबरठा ओलांडला की उद्या शंभर जण ओलांडतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. हा वाद मात्र नवा नव्हे. माणसाने रोग्याला वेगळे ठेवण्याची व्यवस्था प्रथम केली, तेव्हापासून तो चालत आलेला आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याला बरेच काही शिकवून जातो.

एड्रियाटिक समुद्राच्या काठी रागुसा नावाचे एक व्यापारी नगरराज्य होते. आज त्याला दुब्रोव्हनिक म्हणतात. तेथील कारभाऱ्यांनी १३७७ साली असा नियम केला, की प्लेगच्या प्रदेशातून येणाऱ्याने नगरात शिरण्यापूर्वी एक महिना जवळच्या ठरावीक बेटावर किंवा शेजारच्या गावी काढावा. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाईन’ हा शब्द रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे पहिले विलगीकरण कुलूपबंद खोलीतले नव्हते. प्रवाशाला नगरापासून दूर ठेवले होते, आकाशापासून नव्हे. व्हेनिसनेही १४२३ साली रोग्यांसाठी आणि १४६८ साली संशयितांसाठी जागा निवडली ती खाडीतील बेटांवर.

मिलान शहराजवळ समुद्र नाही. तेथे १४८८ साली तटाबाहेर एक विस्तीर्ण रुग्णनिवास बांधण्यास सुरुवात झाली. चौकोनाच्या चारही बाजूंना मिळून २८८ खोल्या, त्यांच्यापुढे आतल्या बाजूने कमानींची ओसरी, आणि मध्यभागी प्रचंड मोकळे मैदान अशी त्याची रचना होती. बांधणाऱ्यांना जंतूंचे ज्ञान नव्हते. दूषित हवेने रोग होतो अशीच त्यांची समजूत होती. तथापि बंदिस्त माणसालाही हवा, उजेड आणि चार पावले टाकण्यापुरती जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते.

याच मिलानमध्ये १५७६ साली प्लेगची भयंकर साथ आली. स्पॅनिश गव्हर्नर आणि अनेक श्रीमंत लोक शहर सोडून गेले. आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ मात्र तेथेच राहिले. पुढे १६१० साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. रुग्णनिवास अपुरा पडल्यामुळे तटाबाहेर गवताच्या आणि लाकडाच्या झोपड्या उभारण्यात आल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व शहरालाच घरात राहण्याचा आदेश देण्यात आला. प्रथम चाळीस दिवसांचा म्हणून दिलेला तो आदेश पुढे लांबत गेला.

आता हजारो कुटुंबे दाराआड अडकली. चर्चमध्ये जाण्यास बंदी आली. अशा वेळी बोरोमिओंनी लोकांना नियम मोडून चर्चमध्ये या असे सांगितले नाही. लोक येऊ शकत नाहीत म्हणून चर्चच त्यांच्या खिडकीखाली नेले. रस्त्यारस्त्यांच्या चौकांत वेद्या मांडल्या गेल्या. धर्मगुरू तेथे मिस्सा अर्पण करीत आणि लोक आपापल्या खिडकीतून, दारातून तीत सहभागी होत. दिवसातून सात वेळा घंटा वाजे. घंटा झाली की रस्त्याच्या एका बाजूच्या खिडक्यांतून स्तोत्राचा स्वर उठे आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्या त्याला उत्तर देत. गरिबांना वस्त्रे मिळावीत म्हणून बोरोमिओंनी आपल्या वाड्यातील पडदेही दिले. सुमारे सतरा हजार माणसे त्या साथीत दगावली. साथ ओसरल्यावर रुग्णनिवासाच्या मैदानाच्या मध्यभागी त्यांनी एक अष्टकोनी मंदिर बांधविले. त्याच्या बाजू मोकळ्या ठेवल्या होत्या, कारण प्रत्येक रोग्याला आपल्या खोलीच्या दारातून वेदी दिसावी ही त्यामागील दृष्टी होती.

या गौरवकथेला दुसरीही बाजू आहे. सार्वत्रिक बंदीपूर्वी, त्याच ऑक्टोबरात, बोरोमिओंनी गळ्यात दोर घालून अनवाणी पायांनी प्रायश्चित्ताच्या मिरवणुका काढल्या होत्या आणि गर्दीमुळे रोग वाढेल अशी भीती आरोग्याधिकाऱ्यांना वाटत होती. ती भीती वावगी नव्हती. १६३० साली मिलानमध्ये पुन्हा प्लेग आला. तेव्हाचे आर्चबिशप फेदेरिको बोरोमिओ यांनी मिरवणुकीस प्रथम नकार दिला. पुढे लोकाग्रहास्तव ते तयार झाले. ११ जून १६३० रोजी संत चार्ल्स यांचे अवशेष घेऊन सारे शहर रस्त्यावर आले आणि त्यानंतर मृत्यूंची संख्या झपाट्याने वाढली. कादंबरीकार मान्झोनी यांनी १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रख्यात कादंबरीत हा प्रसंग विस्ताराने सांगितला आहे. ते स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते, परंतु या प्रसंगावर त्यांनी पांघरूण घातले नाही. मोकळ्या हवेत असणे वेगळे आणि गर्दीत असणे वेगळे, हा भेद त्या दिवशी विसरला गेला होता.

पुढच्याच पिढीत इंग्लंडमध्ये दोन निरनिराळे मार्ग चोखाळले गेले. १६६५ साली लंडनमध्ये रोगी आढळला की निरोग्यांसह सर्व कुटुंब चाळीस दिवस घरात कोंडले जाई. दारावर तांबडा क्रूस रंगवीत आणि रात्रंदिवस पहारेकरी बसवीत. परिणाम असा झाला, की लोक रोग लपवू लागले, पहारेकऱ्यांना चुकवून पळू लागले आणि पळताना रोगही बरोबर नेऊ लागले. याउलट डर्बीशायरमधील ईम या खेड्याने १६६६ च्या उन्हाळ्यात स्वतःहून आपल्या सीमा बंद केल्या. तेथील अँग्लिकन पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, मतभेदामुळे पदच्युत झालेले पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी आपसातील अंतर विसरून लोकांचे मन वळविले. गावाने चर्च बंद केले आणि जवळच्या दरीत उघड्यावर, कुटुंबाकुटुंबांत अंतर राखून उपासना सुरू ठेवली. गावाबाहेरच्या लोकांनी सीमेवरच्या दगडांपाशी अन्न आणून ठेवावे आणि गावकऱ्यांनी त्याचे पैसे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावेत, अशी सोय होती. सुमारे २६० माणसे गेली. मॉम्पेसन यांची पत्नीही त्यांतच गेली. लंडनच्या माणसाला पहारेकऱ्याने अडविले होते, ईमच्या माणसाला शेजारच्या गावांविषयीच्या कर्तव्याने. आणि ईमच्या माणसाला आपल्या सीमेच्या आत मोकळे आकाश उरले होते.

आपल्या मुलखातही हा धडा गिरविला गेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या झाल्या. माणसांना घरातून ओढून छावण्यांत नेल्यामुळे लोकांच्या मनात औषधापेक्षा अंमलदाराचीच दहशत बसली. त्याच वेळी डॉ. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. तेथे रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षांत खेडोपाडी लोक उंदीर पडू लागताच गाव मोकळे करून रानात झोपड्या बांधून राहू लागले. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग पसरतो हे शास्त्राने सिद्ध केल्यावर त्या शहाणपणाचे मर्म उलगडले. प्लेगात घरच धोक्याचे होते, आणि मिलानच्या कारभाऱ्यांना नेमके हेच ठाऊक नव्हते. वांद्रे, गिरगाव, माझगाव येथील जुन्या कॅथलिक वस्त्यांत त्या काळी रस्त्याच्या कडेला उभारलेले क्रूस आजही दिसतात. मिलानमध्येही, जेथे वेद्या मांडल्या होत्या त्या चौकांत, नंतर क्रूसाचे स्तंभ उभे राहिले होते.

२०२० साली देशोदेशींच्या सरकारांनी आपापल्या परीने उत्तर शोधले. ब्रिटनने दिवसातून एकदा व्यायामाला मुभा दिली, मात्र लक्षणे असलेल्यांनी घर सोडू नये असे बजावले. फ्रान्सने एक तास आणि एक किलोमीटर अशी मर्यादा आखली. स्पेनमध्ये कुत्र्याला फिरवून आणता येई, पण मुलांना २६ एप्रिलपर्यंत आणि मोठ्यांना व्यायामासाठी २ मेपर्यंत बाहेर पडता आले नाही. महाराष्ट्रात ३ जूनपासून सकाळी पाच ते सायंकाळी सात या वेळात चालण्यास व धावण्यास परवानगी मिळाली. हा रोग मुख्यतः बंद जागेतील हवेतून पसरतो आणि मोकळ्यावर त्याचा धोका पुष्कळच कमी असतो, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे निरोगी माणसाने एकट्याने चालण्यास जाणे मुळातच निषिद्ध ठरण्याचे कारण नव्हते.

परंतु ज्याला बाधा झाली आहे किंवा झाल्याचा संशय आहे, त्याचा प्रश्न निराळा आहे. रस्ता कितीही रिकामा असो, तेथे पोहोचण्यासाठी त्याला सामाईक जिना उतरावा लागतो, उद्वाहनात उभे राहावे लागते, चाळीच्या गॅलरीतून शेजाऱ्यांच्या दारांवरून जावे लागते. धोका चालण्यात नसून या वाटेत आहे. म्हणून ज्याच्या घराला स्वतःचे अंगण किंवा वाडी आहे, त्याने तेथे खुशाल फेऱ्या माराव्यात. ज्याला ती सोय नाही, त्याने खिडकी उघडून खोलीतच हातपाय हलवावेत आणि मुदत संपेपर्यंत धीर धरावा.

तथापि एवढे सांगून समाजाची जबाबदारी संपत नाही. एका खोलीत आठ माणसे आणि शौचालय सार्वजनिक, अशा धारावीत घरी वेगळे राहा हा आदेशच निरर्थक होता. महापालिकेने तेथे शाळा आणि क्रीडासंकुले विलगीकरणासाठी उघडली, तेव्हाच त्या आदेशाला अर्थ आला. ज्याला आपण घरात राहा म्हणतो, त्याच्या दाराशी भाकरी, औषध आणि दोन शब्द पोहोचविण्याचे ऋण आपल्यावर चढते. ते फेडले गेले तर माणूस पहाऱ्यावाचून आत राहतो. न फेडले तर लंडनप्रमाणे पहारेकरीही त्याला अडवू शकत नाही.

बायबलमधील गणना या पुस्तकात मिर्यामची कथा आहे. तिच्या अंगावर कोड उठले आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावे लागले. ती एकटी होती, उघड्या रानात होती, आणि तिने ती मुदत पाळली. या कथेचा शेवट आपण फारसा लक्षात ठेवीत नाही. मिर्याम परत येईपर्यंत इस्राएल लोकांनी आपला मुक्काम हलविला नाही. वाट वचनदत्त देशाची होती, तरीही ते सर्व जण एका बाईसाठी सात दिवस थांबले.