एका डॉलरची सही

तारीख 23 सप्टेंबर 1970, बुधवार. गाव ह्यूस्टन, टेक्सास. दमट उकाड्यात तुम्ही ह्यूस्टन रॅकेट क्लबच्या आवारात उभे आहात. सूचना एकच: तोंड बंद ठेवायचं. पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, इथल्या एकीलाही नाही.

आधी डोळ्यांना सवय होऊ द्या. चेंडू पांढरे आहेत, पिवळे यायला अजून दोन वर्षं आहेत. रॅकेटी बहुतेक लाकडी. महिला टेनिसची ही स्पर्धा इतकी लहान, की एकूण बक्षीस 7,500 डॉलर. दहाच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कला मार्गारेट कोर्टने यूएस ओपन जिंकून एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम पुरी केली. तेव्हा तिच्या एकटीच्या हातात एवढीच रक्कम पडली होती. पुरुषांचा विजेता केन रोझवॉल मात्र 20,000 डॉलर घेऊन गेला.

हे वाचून चिडलात? मग लॉस एंजेलिसचं ऐका. तिथली पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धा म्हणजे जुनं, मानाचं नाव. आयोजक जॅक क्रेमर, स्वतः विम्बल्डन जिंकलेला. त्याने यंदा पुरुषांच्या विजेत्यासाठी 12,500 डॉलर ठेवले आणि महिलांच्या विजेतीसाठी 1,500. उपांत्यपूर्व फेरीआधी हरलेल्या बाईला काहीच नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: बायकांचे सामने बघायला लोक येत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा. ते लबाड आहे. मोठं कोर्ट, चांगली वेळ, जाहिरात हे सगळं पुरुषांना द्यायचं आणि मग बायकांपुढच्या रिकाम्या खुर्च्या मोजायच्या, असा तो हिशेब होता.

आता त्या बाईंकडे बघा, ज्यांच्याभोवती सगळ्याजणी गोळा झाल्या आहेत. ग्लॅडिस हेल्डमन. 1953 साली त्यांनी 'वर्ल्ड टेनिस' हे मासिक सुरू केलं. टेनिसच्या दुनियेत कोणाच्या खिशात किती आहे हे त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. खेळाडू तक्रार घेऊन आल्या, तेव्हा क्रेमरशी भांडत बसण्यापेक्षा वेगळी स्पर्धाच काढायची हे त्यांनी ठरवलं. पैसे कमी पडत होते. त्यांनी ओळखीच्या जोसेफ कलमन यांना गाठलं. हे गृहस्थ फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे प्रमुख.

इथे थोडं थांबा, कारण पुढच्या काळातल्या गोष्टींमध्ये हा भाग घाईने उरकतात. 'व्हर्जिनिया स्लिम्स' ही खास बायकांसाठी काढलेली सिगारेट, बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका कायद्यावर सही केली आहे. येत्या जानेवारीपासून रेडिओ-टीव्हीवर सिगारेटची जाहिरात बंद. कंपनीला नाव दाखवायला जागा हवी आहे, खेळाडूंना कोर्ट आणि पैसा. स्पर्धेच्या नावात सिगारेट आली ती अशी. दमसासावर चालणाऱ्या खेळाला धुराने आधार द्यावा, यातला विनोद या बायकांना कळत नव्हता असं समजू नका. दुसरं कुणी पुढे आलं नव्हतं, एवढंच.

आता मुख्य प्रसंग. अमेरिकेच्या लॉन टेनिस संघटनेने या स्पर्धेला मान्यता नाकारली आहे. खेळलात तर निलंबन, आणि यजमान क्लबही अडचणीत. यावर हेल्डमनबाईंनी काढलेला तोडगा वकिली डोक्याचा आहे. प्रत्येक खेळाडूने 'वर्ल्ड टेनिस'शी एका आठवड्याचा करार करायचा. म्हणजे ती करारबद्ध व्यावसायिक ठरते, आणि संघटनेच्या मान्यतेचा प्रश्न क्लबला टाळता येतो. कराराची रक्कम एक डॉलर. पूजेत सव्वा रुपया ठेवतात, तसा तो कराराचा मान. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या स्पर्धा फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी होत्या आणि त्याच हौशींना टेबलाखालून पाकिटं मिळत. आज पैसा उघड, टेबलावर आहे. मला तरी हा बदल त्या रकमेपेक्षा मोठा वाटतो.

सह्या बघा. बिली जीन किंग, सव्वीस वर्षांची, चष्मा लावलेली. रोझी कॅसल्स. टेक्सासचीच नॅन्सी रिची, दोन वर्षांपूर्वीची फ्रेंच विजेती. पीचेस बार्टकोविझ, व्हॅलरी झीगनफस, वीस वर्षांची क्रिस्टी पिजन. ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल. या दोघींची जोखीम जास्त, कारण घर समुद्रापार आणि तिकडची संघटनाही तितकीच कडक. हातात डॉलरची नोट धरून फोटो निघतो. त्यात नऊ चेहरे आहेत, पण नववा चेहरा हेल्डमनबाईंचा. नववी खेळाडू त्यांचीच मुलगी ज्युली. तिचं कोपर दुखावलंय, ती फोटोत नाही. तरीही ती कोर्टवर उतरते, बिली जीनबरोबर एकच गुण खेळते, हस्तांदोलन करते आणि सही करून मोकळी होते. त्या एका गुणाला टाळ्या वाजवायला हरकत नाही.

बाकीचे सामने पळवू या. थेट अंतिम सामन्याला बसा. एका बाजूला ज्युडी डाल्टन, बत्तीस वर्षांची, 1968 ची विम्बल्डन उपविजेती. समोर रोझी, सव्वापाच फुटांच्या आतली, एल साल्व्हाडोरहून आलेल्या आईबापांची मुलगी. सॅन फ्रान्सिस्कोत नातेवाइकांनी वाढवलेली. गेल्याच आठवड्यात तिला बावीस वर्षं पूर्ण झाली. यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात तिने कोर्टकडून एक सेट हिसकावला होता. इथे पहिला सेट ती 5-7 गमावते, दुसरा 6-1 असा उधळून लावते. तिसऱ्यात दोघीही सोडत नाहीत. 7-5. रोझी जिंकते. विजेतीचा धनादेश 1,600 डॉलरचा. क्रेमरच्या 1,500 हून शंभरच जास्त.

आता तुम्हाला ठाऊक असलेलं मनातल्या मनात आठवा. या नऊजणींवर कारवाई होईल. पण पुढच्या वर्षी व्हर्जिनिया स्लिम्सची अख्खी मालिका उभी राहील आणि बिली जीन एका वर्षात लाखभर डॉलर कमावणारी पहिली महिला खेळाडू ठरेल. 1973 मध्ये विम्बल्डनच्या तोंडावर लंडनच्या एका हॉटेलात महिलांची संघटना जन्मेल, त्याच वर्षी यूएस ओपन पुरुषांना आणि महिलांना सारखं बक्षीस देईल. आणि याच ह्यूस्टनमध्ये, अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, 20 सप्टेंबर 1973 ला बिली जीन बॉबी रिग्ज या पुरुष टेनिसपटूला सरळ तीन सेटमध्ये हरवेल. बघायला 30,472 माणसं असतील. क्रेमरच्या वाक्याला आकड्यांत दिलेलं हे उत्तर. सिगारेटचं नाव मात्र, मधली काही वर्षं सोडली तर, वर्षअखेरच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेला 1994 पर्यंत चिकटून राहील. तो हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा.

परत या. देशोदेशींच्या महिला संघांच्या स्पर्धेला 2020 पासून बिली जीन किंग कप म्हणतात. एप्रिल 2025 मध्ये त्याच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टांवर झाले. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर महिलांची व्यावसायिक एकेरी होते. 2017 मध्ये तिथे एक तरुण अरिना सबालेन्का जिंकून गेली. पुढच्या वेळी असे सामने जवळपास असतील, तर मोबाइलवर स्कोअर बघू नका. जाऊन खुर्चीत बसा.