येजितखत ते कलम ११

दिवाणी कायदा शिकताना पहिला प्रश्न विचारा : तंटा संपतो कधी?

धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्राङ्न्याय. म्हणजे, 'याच वादात हा आधी हरलाय.' मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले. हरलेला पक्ष जिंकलेल्याला येजितखत लिहून देई, आपला हक्क नाही अशी कबुली. पुढच्या पिढीने वाद उकरून काढला, तर तो कागद पुढे करायचा.

१८५९च्या दिवाणी संहितेत हेच तत्त्व कलम २ म्हणून आलं. १९०८च्या संहितेत ते कलम ११ झालं. पक्षकार तेच, मुद्दा तोच, न्यायालय सक्षम आणि निकाल अंतिम, हे सगळं जुळलं की दुसरा दावा अडतो.

फरक लक्षात घ्या. पूर्वी हरलेल्याची कबुली लागे. आता त्याला बाजू मांडायची संधी मिळाली होती, एवढं पुरतं. आणि जो मुद्दा तेव्हा मांडायला हवा होता पण राहिला, तोही बुडतो. उद्या तुम्ही वकील व्हाल. तुम्ही विसराल तो मुद्दा, पण जमीन जाईल पक्षकाराची.