आकड्याआधी त्याची व्याख्या वाचा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची अधिकृत आकडेवारी एनसीएए १९३७ पासून ठेवते. चेंडू घेऊन धावणाऱ्यांना कुठला संघ जास्त चांगला अडवत होता, हे त्यातून काढायचंय? जरा थांबा. पास देण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, म्हणजे सॅक झाला, की गमावलेले यार्ड कॉलेजमध्ये धावण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये पासच्या.

समजा, प्रतिस्पर्ध्यांनी ३० वेळा धावून १२० यार्ड काढले. सरासरी ४. त्यात ५ सॅक आणि ४० यार्डांचं नुकसान मिसळा: ३५ प्रयत्न, ८० यार्ड, सरासरी जेमतेम २.३. बचाव तोच, आकडा मात्र जवळपास निम्मा!

खेळाडूनिहाय सॅकची अधिकृत नोंद एनसीएएनं २००० मध्ये सुरू केली. त्यामुळे जुन्या हंगामांत हे दोन्ही वेगळे करणं अवघड. तुमचा विषय कुठलाही असो, तक्त्याला आधी विचारा: काय मोजलं, आणि कुठल्या खात्यात टाकलं?