देवघेव पुस्तकांची, नाव वाचकाचे

ऑगस्ट २००६मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक उपक्रम सुरू केला. तिथल्या तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुख हेलीन ब्लोअर्स यांची ही योजना. ग्रंथालय क्षेत्रातले जाणकार स्टीफन अब्रॅम यांनी त्याच वर्षी एका लेखात, वर्षभरात करून पाहाव्यात अशा ४३ गोष्टींची यादी दिली होती. ब्लोअर्स यांनी ती कल्पना उचलली आणि गोष्टी २३वर आणल्या. ब्लॉग उघडा, फ्लिकरवर छायाचित्र चढवा, आरएसएस फीड लावून घ्या, लायब्ररीथिंगवर आपली पुस्तके नोंदवा, डेलिशसवर वाचलेल्या पानांच्या खुणा ठेवा, विकीत भर घाला आणि प्रत्येक टप्प्यावर काय वाटले ते आपल्या ब्लॉगवर लिहा. सगळ्या गोष्टी पूर्ण करणाऱ्याला बक्षीस म्हणून एमपी३ प्लेअर. सगळे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे ठेवल्यामुळे 'ट्वेंटी थ्री थिंग्ज' ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयात गेले, नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये गेले, २०१०मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या ग्रंथपालांपर्यंत पोचले. या साऱ्या प्रवासात एक व्यक्ती वारंवार भेटते: साधन चटकन शिकणारी, त्याचा उपयोग ओळखणारी, पण स्वतःचे काही उघड्यावर मांडायला तयार नसलेली. प्रशिक्षणाच्या भाषेत या माणसाची भीड मोडायची होती. माझे म्हणणे असे की ती नुसती भीड नव्हती. ग्रंथपालांच्या धंद्याने शंभर वर्षांत कमावलेले एक ज्ञान त्या संकोचात होते, आणि सामाजिक जाल उभारणाऱ्यांपाशी नेमके तेच नव्हते.

ते ज्ञान कुठून आले, हे समजायला ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीपाशी जावे लागते. पुस्तक दिल्याची नोंद ठेवायची कशी, हा एकोणिसाव्या शतकाअखेरचा मोठा व्यावहारिक प्रश्न होता, आणि त्याची दोन उत्तरे जगभर गेली. एक नीना ब्राऊन यांच्या नावाची पद्धत. तिच्यात वाचकाकडे छोट्या पाकिटासारखी तिकिटे असतात. पुस्तक नेताना पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचे आणि परतीच्या तारखेमागे खणात लावायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते, तिकीट वाचकाच्या हातात, आणि व्यवहाराची खूण उरत नाही. दुसरी न्यूआर्क पद्धत, न्यू जर्सीतल्या त्या शहराच्या ग्रंथालयावरून नाव पडलेली. तिच्यात पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख लिहिली जाते आणि पुस्तक परत आले की ते कार्ड पुन्हा पुस्तकात जाते. आधी ते कोणाकोणाकडे गेले हे कार्ड भरेपर्यंत वाचता येते. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत या दोन्ही पद्धती शिकवल्या गेल्या, आणि ब्राऊन पद्धतीचा दोष म्हणून हमखास सांगितले गेले की तिच्यात देवघेवीची कायम नोंद राहत नाही, आकडेवारी काढता येत नाही. हिशेबाच्या नजरेने तो दोष खराच. वाचकाच्या बाजूने पाहिले तर मात्र हीच त्या पद्धतीची सर्वांत मोठी भलाई आहे. पुस्तक बाहेर आहे तोवर कोणाकडे आहे हे ग्रंथालयाला माहीत हवे. ते परत आले की माहीत असण्याचे कारण संपते. वाचकाने काय वाचले हे विसरून जाण्याची सोय या पद्धतीच्या घडणीतच होती.

ती सोय किती गरजेची आहे हे अमेरिकी ग्रंथपालांना अनुभवाने कळत गेले. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९च्या आचारसंहितेत, वाचकांशी येणाऱ्या संबंधातून कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. पण कागदावरचे कर्तव्य एक आणि दारात उभा सरकारी अधिकारी दुसरा. १९७०मध्ये मिलवॉकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात करखात्याचे अधिकारी आले आणि स्फोटकांवरची पुस्तके कोणी नेली त्या नोंदी त्यांनी मागितल्या. ग्रंथालयाने आधी नकार दिला. शहराच्या वकिलाने त्या नोंदी सार्वजनिक असल्याचे मत दिल्यावर त्याला मान तुकवावी लागली. या धक्क्यानंतर १९७१मध्ये असोसिएशनने देवघेवीच्या नोंदी गोपनीय मानण्याचे धोरण स्वीकारले. १९८७मध्ये एफबीआयचे अधिकारी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या विज्ञान ग्रंथालयात जाऊन परदेशी वाचकांविषयी चौकशी करत होते, हे उघडकीला आले. मग आला चौकशी यंत्रणांचे अधिकार वाढवणारा २००१चा पेट्रियट कायदा. २००५च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांच्या एका संघाला एफबीआयचे पत्र मिळाले: अमुक दिवशी अमुक संगणक कोण वापरत होते ते सांगा, आणि हे पत्र आल्याचे कोणालाही सांगू नका. त्यावर न्यायाधीशाची सही नव्हती. चार ग्रंथपालांनी नकार दिला, कोर्टात गेले आणि महिनोन्महिने आपले नावही उच्चारू शकले नाहीत. त्यांच्या तोंडावरची बंदी उठली मे २००६मध्ये. शार्लटच्या २३ गोष्टी त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी सुरू झाल्या. ज्या व्यवसायाचे चार लोक एका वाचकाच्या संगणकावरची खूण झाकण्यासाठी नुकतेच सरकारशी झुंजले होते, त्याच व्यवसायातल्या माणसाला आता सांगितले जात होते की आपण काय वाचतो ते जगाला दाखवा.

कारण त्या साधनांची मागणी नेमकी हीच होती. डेलिशस हे जोशुआ शॅक्टर यांनी २००३च्या अखेरीस सुरू केलेले संकेतस्थळ. आवडलेल्या पानाची खूण तिथे ठेवायची, तिला आपल्या शब्दांत टॅग लावायचे. ती खूण सर्वांना दिसे, आणि सुरुवातीच्या काळात ती खासगी ठेवण्याची सोयच नव्हती. टिम स्पॉल्डिंग यांनी २००५मध्ये काढलेल्या लायब्ररीथिंगवर तर माणूस आपले पुस्तकांचे कपाटच उघडे करत होता. इथे स्पॉल्डिंग यांना श्रेय द्यायला हवे: सभासद होताना ते ईमेलचा पत्तासुद्धा सक्तीने मागत नव्हते, आणि संग्रह खासगी ठेवता येत होता. म्हणजे दुसरी वाट शक्य होती. मोठ्या कंपन्यांनी ती धरली नाही. २३ गोष्टींचे पहिले सत्र चालू असतानाच, ५ सप्टेंबर २००६ रोजी, फेसबुकने न्यूज फीड आणले. आधी एखाद्याच्या पानावर जाऊन पाहावे लागणारे बदल आता न विचारता सगळ्या मित्रांपुढे वाढले जाऊ लागले. काही दिवसांत लाखो वापरकर्ते निषेधाच्या गटात जमले आणि फेसबुकचे संस्थापक झुकरबर्ग यांना चूक कबूल करावी लागली. नोव्हेंबर २००७मध्ये फेसबुकचेच बीकन आले. ते दुसऱ्या संकेतस्थळांवरची खरेदी आपल्या मित्रांना कळवून टाकत असे. त्यात ब्लॉकबस्टर ही चित्रपट भाड्याने देणारी कंपनीही होती, आणि तिच्यावर खटला भरला गेला तो १९८८च्या कायद्याखाली. तो कायदा झाला, कारण १९८७मध्ये रॉबर्ट बोर्क यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक व्हायची होती तेव्हा त्यांनी भाड्याने नेलेल्या चित्रपटांची यादी एका वृत्तपत्राने छापली होती. बीकन २००९मध्ये बंद झाले. फेब्रुवारी २०१०मध्ये गूगल बझने जीमेलच्या पत्रव्यवहारावरूनच कोणाचा कोणाशी संबंध ते ठरवून याद्या मांडल्या, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीला २० वर्षांच्या गोपनीयता-तपासणीखाली आणले. सेटिंग बदलून घ्यायचे होते, असे ज्यांना म्हणायचे आहे त्यांनी हा क्रम नीट पाहावा. वापरकर्त्याने सेटिंग लावण्याआधीच माहिती बाहेर गेलेली असे. पडदा ओढायची वेळ येईतो खिडकीतून सगळे दिसून गेलेले असे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की संकोचाला मी फार मोठे कारण चिकटवतो आहे. पुष्कळांना खरोखर तंत्राचीच धास्ती होती. ते मान्य आहे. ब्लोअर्स यांचे मोठेपण त्यात आहे की त्यांनी ही धास्ती हसण्यावारी नेली नाही, शिक्षणाला खेळाचे रूप दिले आणि टोपणनावाने ब्लॉग लिहिण्याची मुभा ठेवली. ज्यांना संगणकाची भीती होती त्यांना त्या मुभेची फारशी गरज नव्हती. ज्यांना नाव जोडले जाण्याची काळजी होती त्यांना होती. मराठी संकेतस्थळांच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. १९९६पासूनच्या मायबोलीवर आणि पुढे मनोगत, मिसळपाववर माणसे टोपणनावाने वर्षानुवर्षे मनमोकळे लिहीत आली, आणि त्याहून मोठा वर्ग रोमात, म्हणजे स्वतः काही न लिहिता, वाचत आला. त्या टोपणनावांमुळे तिथली पाककृती कमी खरी झाली नाही की प्रवासवर्णन कमी उपयोगाचे झाले नाही. वस्तू वाटली गेली, माणूस मागे राहिला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सगळेच मागे राहिले तर वाटायला काही उरेल का? ग्रंथालय म्हणजे मुळात वाटून घेणे. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सांगते की पुस्तके उपयोगासाठी आहेत. बरोबर, आणि म्हणूनच ग्रंथालयाचे उदाहरण इथे निर्णायक ठरते. पुस्तके सर्वांची करणारी ही संस्था वाचकाला मात्र त्याचा त्याचा राहू देते, आणि पहिली गोष्ट दुसरीवर टेकलेली आहे. कोणी पाहत नाही या भरवशावरच माणूस क्षयरोगावरचे, घटस्फोटावरचे किंवा बंडखोरीवरचे पुस्तक उचलतो. डेलिशस चालले तेही याच तत्त्वावर: माणूस खूण ठेवी स्वतःला पुढे सापडावी म्हणून, आणि त्यातून इतरांचा फायदा होई. माणसाने स्वतःला मांडणे ही त्या उपयोगाची अट नव्हती. ती अट पुढे घातली गेली, जाहिरातीच्या हिशेबासाठी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांचा आवाज छापील जगाने पिढ्यान्‌पिढ्या दाबला, त्यांना खुल्या जालाने व्यासपीठ दिले. अशा वेळी मागे राहण्याचे गुणगान करणे म्हणजे आधीच ऐकल्या जाणाऱ्यांची चैन नव्हे का? दलित आणि स्त्री लेखकांनी आपल्या नावानिशी जालावर जे लिहिले त्याचे मोल कोणी नाकारू नये. पण उघड बोलण्याची किंमत सर्वांत जड कोणाला पडते तेही पाहावे. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलमाचा त्यात आधार घेतला गेला ते ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मधल्या काळात हा देश एका पसंतीच्या बटणाला घाबरायला शिकला होता. बोलण्याचा हक्क आणि नाव झाकण्याचा हक्क एकमेकांचे वैरी नाहीत. दुबळ्या माणसाला दोन्ही लागतात. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क मानला.

बंद दाराआड सगळे भले असते असेही नाही. उघड्या जालाला कंटाळलेले लोक व्हॉट्सॲपच्या गटांत गेले, आणि १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. तिथे मजकूर पसरत होता आणि तो सांगणाऱ्याचा पत्ता लागत नव्हता. म्हणून संकोच म्हणजे सरसकट लपणे असा अर्थ मी करत नाही. वाचकाचे नाव झाकणारे ग्रंथालय पुस्तकावरचे लेखकाचे आणि प्रकाशकाचे नाव कधी झाकत नाही. छापलेल्या शब्दाची जबाबदारी उघड असावी, वाचणाऱ्याची वाट झाकलेली असावी, ही ग्रंथपालांची वाटणी आजही सर्वांत शहाणपणाची आहे.

ग्रंथपालही या वाटणीला नेहमी जागले नाहीत. २०११मध्ये अमेरिकी ग्रंथालयांची ई-पुस्तके किंडलवर मिळू लागली तेव्हा वाचकाला ॲमेझॉनच्या खात्यातून जावे लागले, आणि ग्रंथालयाने पुसायची ती नोंद दुकानदाराकडे राहिली. सोयीपुढे तत्त्व वाकले. उलट माचेय त्सेग्वोव्स्की या माणसाने २००९मध्ये पिनबोर्ड नावाची खुणा ठेवायची सशुल्क सेवा काढली, अंतर्मुख लोकांसाठी अशी उघड ओळख देऊन. अनेक मालक बदलून थकलेले डेलिशस २०१७मध्ये त्यानेच ३५ हजार डॉलरला विकत घेतले.

महाराष्ट्रातली ग्रंथालये आता तिकिटे आणि नोंदवह्या सोडून संगणकावर येत आहेत, आणि ब्राऊन पद्धतीतले विसरणे संगणकात आपोआप होत नाही. ते ठरवून लावावे लागते. आपल्या कित्येक महाविद्यालयांत वापरली जाणारी कोहा ही मुक्त प्रणाली पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव नोंदीतून काढून टाकू शकते. ती सोय चालू करणे ग्रंथपालाच्या हातात आहे. ग्रंथपालांनी ती चालू करावी, आणि सभासदांनी पुढच्या वेळी देवघेव खिडकीपाशी उभे असताना विचारावे: मी परत केलेल्या पुस्तकांची यादी तुमच्याकडे किती दिवस राहते?