एका हिऱ्यापासून आपल्या गटापर्यंत

आम्ही खापरखेड्याच्या बचत गटांतल्या बायका. आज आपण थोडा इतिहास बघू. राजामहाराजांचा नाही. घरात कॅन्सर आला तेव्हा मदत कुठून आली आणि ती कोणी उभी केली, याचा हा इतिहास आहे.

आमच्या गावाला हा विषय परका नाही. इथल्या आताच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८९ मध्ये सुरू झाला. आज हे केंद्र १३४० मेगावॅटचे आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत. राख, धूळ, चुलीचा धूर आणि त्यात बिडी. त्यामुळे कोणी खोकला तर आपण म्हणतो, "राखेचा खोकला आहे." तो थांबला नाही तर म्हणतो, "टीबी असेल." फुप्फुसाच्या कॅन्सरचे नाव सगळ्यात शेवटी निघते. तोवर नवरा खाटेला लागलेला असतो आणि बायको एकटी पडलेली असते.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. मेहेरबाई टाटा हे नाव फार जणींनी ऐकलेले नसेल. त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. स्त्रियांच्या संघटना उभ्या करणाऱ्या आणि बालविवाहाविरुद्ध बोलणाऱ्या. त्यांच्याकडे २४५ कॅरेटचा ज्युबिली नावाचा हिरा होता. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला. कर्ज मिळावे म्हणून दोराबजींनी आपली मालमत्ता गहाण ठेवली, त्यात हा हिराही होता. घर चालावे म्हणून मंगळसूत्र गहाण ठेवणाऱ्या बाईला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कॅन्सरने परदेशात वारल्या. पैसा होता, मोठे डॉक्टर होते, तरी त्या वाचल्या नाहीत. मागे राहिलेल्या नवऱ्याने १९३२ मध्ये त्यांच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला. असे उपचार आपल्या देशात मिळावेत ही त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी तेही गेले. हिरा पुढे विकला गेला आणि पैसा ट्रस्टच्या कामी आला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. आज आपल्याकडची माणसे "टाटाला नेले" म्हणतात, त्याच्या मुळाशी एका जोडीदाराचे दुःख आहे.

दुसरी जोडी आपल्याला सिनेमामुळे ठाऊक आहे. नर्गिस दत्त १९८१ मध्ये कॅन्सरने गेल्या. सुनील दत्त यांनी त्यांच्या नावाने मदतीचे काम उभे केले. सोलापूर जिल्ह्यात बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटल नर्गिस दत्त यांच्याच नावाने ओळखले जाते. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली आणि लोकांना तपासणीला पाठवले. खेड्यातल्या माणसाचा कॅन्सर तेव्हा कुठे वहीत आला.

आपल्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचे नाव आहे. आता जामठ्यालाही मोठे कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि मेडिकल तर आपल्या सवयीचेच.

१९८६ मध्ये मुंबईत बांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. बरा न होणाऱ्या रुग्णालाही वेदनेशिवाय जगता यावे, हा विचार त्यामागे होता. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि कॅन्सरच्या दुखण्यावरचे मॉर्फिन मिळणे सोपे झाले. म्हणून नवरा रात्रभर कण्हत असेल तर "आता काही इलाज नाही" हे ऐकून परत फिरू नका. दुखणे थांबवणे हाही इलाजच आहे. तो मागून घ्या.

पैशासाठी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली. तिलाच आता महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी भेटायचे, दागिना मोडायचा विचार नंतर. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो.

मैत्रिणींनो, हे सगळे रुग्णासाठी झाले. वॉर्डाबाहेर बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या बायकोसाठी काय झाले? तिची नोंद कुठल्याच वहीत नाही. तिचे नाव फक्त आपल्या गटाच्या वहीत आहे.

आमच्या एका गटातल्या बाईच्या नवऱ्याला हा आजार निघाला. लागण होईल म्हणून शेजारच्यांनी तिच्या घरचा चहा घेणे सोडले. हप्ता थकला तशी ती लाजेने बैठकीला येईना. मग गटच तिच्या घरी गेला. दोघींनी तिच्या हातचे जेवण केले, सगळ्यांसमोर. कॅन्सर ताटातून, कपातून, अंथरुणातून पसरत नाही. हे भाषणाने पटले नसते, दोन घासांनी पटले. गटाने तिचे हप्ते पुढे ढकलले, मुलांच्या डब्याची पाळी लावली आणि नागपूरच्या प्रत्येक फेरीला एक जण सोबत दिली. नवरा आठ महिन्यांनी गेला. ती गटात आहे, आणि आज दुसरीच्या सोबत तीच हॉस्पिटलात जाते.

एक गोष्ट आणखी. "बिडी पीत होता, भोगतो आहे," असे बायकोसमोर कोणी बोलू नये. आणि तिच्या छातीचीही काळजी घ्यावी. १९८१ मध्ये जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतः कधी न ओढणाऱ्या ९१ हजारांवर बायकांची त्यात पाहणी होती. ज्यांचे नवरे खूप सिगारेट ओढत, त्या बायकांनाही फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला. धूर नात्याकडे बघत नाही. घरात बिडी आणि चूल दोन्ही असतील तर त्या बाईला दुप्पट जपायला हवे.

दोन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, वजन उतरणे, आवाज बसणे, यातले काहीही असेल तर तपासणी करा. टीबीच्या औषधाने फरक पडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी करायची का?"

आपल्याकडे ज्युबिली हिरा नाही. आठवड्याची बचत आहे आणि दहा बायका आहेत. येत्या बैठकीत एवढेच ठरवा: गटातल्या कोणाच्या घरी हा आजार आला तर पहिल्या आठवड्यात तिच्याकडे कोण जाणार? नावे वहीत लिहा.