पायली, किलो आणि एक गरम तार

मंडळी, गाडीच्या इंजिनावर मी कधी लिहीन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. शाळेत इतिहास शिकवला, बी.ए. मराठी माध्यमातून झालो, आणि आयुष्यात गाडी चालवली ती एकच, सेकंडहँड पद्मिनी. पण गेल्या महिन्यात मिशिगनहून पुतण्याचा फोन आला. आवाज पडलेला. "काका, इंजिनाची वाट लावलीय बहुतेक मी. बाबांना इतक्यात सांगू नका." (आता त्याचे बाबाही हा ब्लॉग वाचतात. त्यामुळे त्याची परवानगी काढूनच लिहितोय.)

झालं असं, की त्याने त्याच्या जुन्या टर्बो गाडीला हवा आत घेणारी नळी नवी बसवली. मूळची आतून 70 मिलिमीटरची, नवी 76 ची. हवा मोजणारा सेन्सर जुनाच, फक्त नव्या नळीत खोचलेला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, बसवा आणि चालवा.

हा सेन्सर कशासाठी असतो हे कळायला थोडं मागे जावं लागेल. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा किती आली याचा अंदाज पूर्वी कार्बोरेटर घ्यायचा. आमच्या पद्मिनीचा अंदाज थंडीत चुकायचा, मग चोक ओढा, आणि मिस्त्री कान लावून स्क्रू पिळणार. विजेच्या मदतीने पेट्रोल फवारण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने केला. 1958 च्या क्रायसलरच्या काही मोजक्या गाड्यांत ती यंत्रणा बसलीही, पण तिने इतका त्रास दिला की बहुतेकांना परत कार्बोरेटर लावावे लागले. पुढे ते पेटंट जर्मनीच्या बॉशकडे गेले आणि 1967 साली फोक्सवॅगनच्या 1600 मध्ये डी-जेट्रॉनिक आली. त्यामागचं कारण होतं अमेरिकेचे, विशेषतः कॅलिफोर्नियाचे, धुराचे नियम.

डी-जेट्रॉनिक नळीतला दाब बघून हवेचा हिशोब करायची. 1973-74 च्या सुमारास आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या वाटेत एक झडप होती. हवा तिला जितकी ढकलेल तितकी हवा आली असं धरायचं. पण यात मोजमाप होतं आकारमानाचं. आमच्या लहानपणी धान्य पायलीने मोजत, तसं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या दिसायला सारख्याच भरतात! थंड हवा जड, गरम हवा हलकी, घाटमाथ्यावरची विरळ. पेट्रोलला मात्र वजनाशी मतलब.

किलो आला तो गरम तारेने. तापलेल्या बारीक तारेवरून वारा गेला की ती किती थंड होते, याचं गणित एल. व्ही. किंग यांनी 1914 मध्येच मांडलं होतं. बॉशने ते 1981 च्या सुमारास गाडीत आणलं. प्लॅटिनमची तार, जाडी फक्त 70 मायक्रॉन, केसाएवढी. ती हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवायला जितका करंट लागतो, त्यावरून हवेचं वजन कळतं. इंजिन बंद केल्यावर क्षणभर ती लालबुंद होऊन अंगावरची धूळ जाळून टाकत असे. मला हे फार आवडलं.

आता खरी गोम. तार सगळी हवा मोजत नाही. नळीतली एक झुळूक चाखते, आणि बाकीचं कॉम्प्युटरच्या स्मृतीतला तक्ता सांगतो: इतके व्होल्ट म्हणजे सेकंदाला इतके ग्रॅम. हा तक्ता त्याच नळीसाठी केलेला असतो. 70 ची 76 झाली की तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ 18 टक्क्यांनी वाढतं (वर्ग करून बघा, मी दोनदा केले). तेवढीच हवा सावकाश जाते, तार कमी थंड होते, आणि कॉम्प्युटरला हवा 15 टक्के कमी दिसते. तो पेट्रोलही तेवढंच कमी देतो.

पण आठवडाभर गाडी गुण्यागोविंदाने चालली, कारण धुराच्या नळीत ऑक्सिजन बघणारा दुसरा सेन्सर असतो. 1976 पासून, व्होल्वोने प्रथम वापरला. तो चूक पकडून पेट्रोल वाढवत राहिला. पूर्ण पेडल दाबल्यावर मात्र त्याच्या गाडीत हा राखणदार बाजूला होतो. तेव्हा इंजिन गार राहावं म्हणून साडेबाराला एक असं जास्तीचं पेट्रोल द्यायचं असतं. हायवेला चढताना ते पावणेपंधराला एक झालं. शिवाय हवा कमी आहे असं समजून कॉम्प्युटरने ठिणगीही लवकर टाकली. बोनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. पोराने पाय काढला. नसता काढला तर पिस्टनला भोक पडलं असतं.

गंमत म्हणजे या फसगतीचा लोकांनी मुद्दाम धंदाही केला. 1989 पासून फोर्डच्या मस्टँगला सगळीकडे हवेचं वजन मोजणारा सेन्सर आला. लोकांना मोठे इंजेक्टर हवे होते, 19 पौंडांऐवजी 24 चे, पण कॉम्प्युटरची स्मृती बदलणं सोपं नव्हतं. मग ठरवून हवा कमी सांगणारे मीटर विकायला आले. इंजेक्टर एका बाजूने जास्त, मीटर दुसऱ्या बाजूने कमी, पेट्रोल बरोब्बर! घ्यायची पायली वेगळी, द्यायची वेगळी, असे सावकार असायचे असं वडील सांगत, त्यांची आठवण झाली. पेट्रोलचा हिशोब जुळायचा, पण ठिणगीची वेळ त्याच खोट्या आकड्यावर ठरायची.

आता लॅपटॉपने तक्ताच बदलता येतो. पुतण्या म्हणाला, "सगळे आकडे 1.18 ने गुणले की झालं ना, काका?" मी म्हटलं, मला कशाला विचारतोस! पण नंतर त्यानेच वाचून सांगितलं की तेवढ्याने भागत नाही. वळणानंतर हवा नळीत सरळ वाहत नाही, त्यामुळे हळू वाऱ्याला चूक वेगळी, जोराच्या वाऱ्याला वेगळी. प्रत्येक टप्प्यावर गाडी चालवून, धुरातला ऑक्सिजन मोजून, एकेक आकडा दुरुस्त करावा लागतो. वरच्या टप्प्यांसाठी वेगळा, जास्त अचूक सेन्सर लागतो. काम दोन-तीन शनिवारांचं.

तूर्त जुनी नळी परत बसवून तो कामावर जातोय. परवा चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घेतलं, सारखं भरलं. दादा, वाचत असशील तर त्याला रागावू नकोस. नव्या नळीचे पैसे मीच दिले होते, वाढदिवसाचे म्हणून.