गुलाबी डब्यातली परीकथा : जुना लेगो सेट विकायचा की ठेवायचा?



जून संपत आला, सुट्टीची तिकिटं हातात पडली की आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटोंची रांग लागते. सायकल, अभ्यासाचं टेबल, आणि पाठोपाठ एका खोक्यात कोंबलेले लेगोचे तुकडे. "सगळं मिळून पाच दिनार, आजच घेऊन जा." कोणी कायमचं भारतात परत चाललेलं असतं, तर कोणाची मुलगी कॉलेजला गेलेली असते. अशा खोक्यात कधी कधी गुलाबी भिंत, चिमुकला मुकुट किंवा कापडाचा इवलासा झगा दिसतो. तो दिसला तर पाच दिनार म्हणायच्या आधी जरा थांबा. त्या गुलाबी तुकड्यांची एक गोष्ट आहे आणि तिच्यावरून जगभरचे संग्राहक आजही वाद घालतात.

थोडं मागे जाऊ या. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाचे सुतार होते. मंदीत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा 1932 साली त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. लेगो कंपनीचं मूळ ते. आज आपण ओळखतो त्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटेच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 चा. तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. आजोबांच्या आणि नातवाच्या खेळण्याचे तुकडे असे एकमेकांत बसावेत, ही गोष्ट फार थोड्या खेळण्यांना जमली आहे.

पण सुरुवातीला या विटांना स्वतःची गोष्ट नव्हती. घर बांधा, गाडी बांधा, मोडा, परत बांधा, एवढंच. आपल्या लहानपणी मेकॅनिक्सचा डबा होता ना, लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्टचा? त्यातही क्रेन व्हायची, पूल व्हायचा, पण क्रेनवर बसलेल्या माणसाला नाव नसायचं. लेगोनं 1979 साली 'फॅब्युलँड' काढलं आणि चित्र बदललं. हत्ती, ससा, मांजर अशी तोंडं असलेली पात्रं आली. त्यांना नावं होती, दुकानं होती, शेजारपाजार होता आणि सोबत गोष्टींची पुस्तकंही होती. पुढे टीव्हीवर मालिकाही आली. ठोकळ्यांसोबत गोष्ट विकण्याची मोठी सुरुवात इथली. हे सगळं 1989 पर्यंत चाललं.

मग 1994 साली 'बेलव्हिल' आलं. आपल्या खोक्यातला गुलाबी तुकडा बहुतेक याच घराण्यातला. यातली माणसं नेहमीच्या लेगो माणसांपेक्षा बरीच मोठी, बाहुलीसारखी हातपाय वळणारी. कपडे खरोखरच्या कापडाचे. आधी घर, घोडे, बाळं होती, मग राजवाडे आणि पऱ्या आल्या. 2005 हे हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या जन्माचं दोनशेवं वर्ष होतं. त्याचा जन्म 2 एप्रिल 1805 चा, डेन्मार्कमधल्याच ओडेन्सचा. त्या निमित्तानं बेलव्हिलमध्ये त्याच्या गोष्टींचे सेट निघाले : हिमराणी, अंगठ्याएवढी थंबेलिना, वाटाण्यावर झोपणारी राजकन्या आणि जादूच्या चकमकपेटीची गोष्ट.

आता वाद काय आहे, तो बघा.

संग्राहकांचा एक गट या सेटांवर नाक मुरडतो. त्यांचं म्हणणं असं, की हे बांधायचं खेळणं नव्हेच. भिंत एका तुकड्यात, कमान एका तुकड्यात, मग मुलानं बांधायचं काय? माणसं मोठी, त्यामुळे इतर सेटांशी मेळ बसत नाही. या टीकेत तथ्य आहे. 2003-04 च्या सुमारास लेगो कंपनी मोठ्या तोट्यात गेली. कारणं शोधली तेव्हा एक कारण हेच सापडलं : एकाच कामाच्या खास तुकड्यांची संख्या अतोनात वाढली होती. नंतर ती मुद्दाम कमी केली गेली.

दुसरा गट सुट्या तुकड्यांवर जीव टाकणारा. त्यांना राजकन्येशी देणंघेणं नाही, पण तो फिकट गुलाबी, जांभळट रंग आणि ती नक्षीची खिडकी दुसरीकडे मिळत नाही, म्हणून ते शोधत असतात. ब्रिकलिंकसारख्या ठिकाणी, जिथे जगभरचे लोक जुने तुकडे विकतात, यांचीच वर्दळ असते.

तिसरा गट डबा न उघडलेला हवा म्हणणारा. सील शाबूत, कोपरे न दुमडलेले. त्या डब्याशी कुठलंच मूल कधी खेळलेलं नाही, आणि नेमकी त्याचीच किंमत जास्त!

चौथ्या गटात त्या काळी लहान असलेल्या मुली आहेत. आज त्या स्वतः आया आहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे : 'मुलींसाठी म्हणून गुलाबी केलंत, आम्हाला सोपं बांधायला दिलंत, हे खटकतं. पण त्या राजवाड्यात आम्ही तासन् तास राहिलो, तेही खरं.' मला हे मत सगळ्यांत प्रामाणिक वाटतं.

हे चारही गट एका मुद्द्यावर एकत्र येतात. उघडलेल्या सेटाला किंमत कधी येते? तुकडे पूर्ण असतील, कापडी झगा आणि मुकुट हरवलेला नसेल आणि पुस्तिका सोबत असेल तर. हा राजवाडा कोणाचा, हे सांगणारा कागद गेला की उरतो तो किलोवर विकायचा प्लास्टिकचा ढीग.

हिमराणीची मूळ गोष्ट 1844 ची. आठवत नसेल तर आज रात्री मुलांना सांगा. काय नावाच्या मुलाच्या डोळ्यात आणि काळजात जादूच्या आरशाची काच जाते. त्याला सगळं वाकडंच दिसू लागतं आणि हिमराणी त्याला आपल्या महालात घेऊन जाते. तिथे तो बर्फाचे तुकडे जुळवत बसतो. त्यातून एक शब्द तयार करायचा असतो, 'अनंत'. तो त्याला काही केल्या जमत नाही. तुकडे सगळे आहेत, हुशारीही आहे, पण तो एकटा आहे, गारठलेला. मग त्याची मैत्रीण गेर्डा मैलोन् मैल चालत येते. तिच्या रडण्यानं काच विरघळते आणि तुकडे आपणहून जुळतात.

ठोकळ्यांच्या खेळाबद्दल याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही. खोलीत एसी लावून, दार लोटून, एकट्यानं सूचना बघत बांधणारी आपली मुलं आठवा.

आपल्याकडचा एक संग्राहकही इथे आठवायला हवा. पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकर (1896-1990), 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहिणारे. त्यांनी आणि कमलाबाईंनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्यं अशा हजारो रोजच्या वस्तू गोळा केल्या. 1975 साली सगळं राज्य सरकारला देऊन टाकलं. संग्रहालयाला नाव दिलं राजाचं, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं. वस्तू वापरलेल्या आहेत, झिजलेल्या आहेत, आणि म्हणूनच त्या बोलतात. सीलबंद डब्याच्या मागे लागलेल्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

आणि आपला स्वतःचा 'गोष्टीचा सेट'? दिवाळीचा किल्ला! विटा, गोणपाट, माती, वर पेरलेले हळीव, सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मावळे. डबा नाही, पुस्तिका नाही. किल्ला दर वर्षी मोडायचा, मावळे मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जायचे. सूचना कोण द्यायचं? दादा, काका, शेजारचा मोठा मुलगा. महाराष्ट्र सोडला तेव्हा आपण मावळे बॅगेत टाकू शकत होतो, पण तो दादा बॅगेत मावत नव्हता. इथे ती जागा आपल्यालाच भरावी लागते.

म्हणून मला वाटतं ते असं :

सेट विकायचा असेल तर आधी मुलांसोबत जुळवा, काय कमी आहे ते बघा, पुस्तिका शोधा आणि पूर्ण विका. पैसे बरे मिळतीलच, पण निरोपही नीट होईल.

ठेवायचा असेल तर इथल्या हवेचा विचार करा. खिडकीतल्या उन्हानं पांढरे आणि निळे तुकडे पिवळट पडतात. दमट हवेत पुठ्ठ्याचा डबा फुगतो, स्टिकर सुटतात. सुट्टीत घर दोन महिने बंद राहणार असेल तर सेट गच्चीवरच्या खोलीत टाकू नका, आतल्या कपाटात ठेवा. तुकडे धुवायचे तर पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. कापडी कपडे वेगळ्या पिशवीत, पुस्तिका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये.

आणि ठेवा किंवा विका, गोष्ट मात्र मराठीत सांगून टाका. ती नंतर कुठल्याही बाजारात मिळणार नाही.

एखाद्या शुक्रवारी मुलांना कलात अल बहरीनला न्या. माणसांनी इसवी सनापूर्वी 2300 पासून थरावर थर रचलेली ती टेकडी आहे, वर पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला. 2005 सालीच ती जागतिक वारसा यादीत आली. रायगड, सिंधुदुर्गासह आपले बारा किल्ले 2025 मध्ये त्याच यादीत गेले. घरी आल्यावर त्या खोक्यातल्या विटांचा बुरुज बांधा. गुलाबी असला तरी चालेल. त्यावर मावळा उभा करा, शेजारी हिमराणी. मग मुलांनाच विचारा, आता पुढे काय झालं?

तुमच्या घरच्या खोक्यात काय काय आहे, ते खाली लिहा. कोणाकडे पुस्तिका असेल आणि कोणाकडे नुसता मुकुट. कदाचित इथल्या इथेच एखादा सेट पूर्ण होईल.